धावपट्टी 27, वारा 230 वरून: सेसना 172 ची आडव्या वाऱ्यातली उतरण

सेसना 172 या लहान विमानाच्या या फेरीत वाटेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कस लागतो तो उतरताना. टॉवरने (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने) वारा दिला 230 अंशांवरून, म्हणजे नैऋत्येकडून, 16 नॉट (सागरी मैल ताशी), झोत 24. धावपट्टी 27 म्हणजे दिशा 270 अंश, त्यामुळे तिच्याशी कोन 40 अंशांचा, वारा डावीकडून. तोंडी हिशोब असा: 30 अंशांना निम्मा वारा आडवा, 45 ला सात दशांश, 60 ला जवळजवळ नऊ दशांश. म्हणजे इथे 10 नॉट, झोतात 15. 172 एस या आवृत्तीच्या पुस्तिकेत चाचणीत दाखवलेला आडव्या वाऱ्याचा आकडाही 15 च आहे. ती बंधनकारक मर्यादा नाही, पण नवख्याने तशीच मानावी.

डाव्या सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या डाव्या वळणांच्या फेरीत) हा वारा बेसवर, म्हणजे धावपट्टीला काटकोनातल्या टप्प्यावर, मागून ढकलतो, त्यामुळे फायनलचं, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येण्याचं, वळण लवकर घ्या. ही रेषा ओलांडली गेलीच, तर रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) नाक आत ओढू नका. स्किड (वळणात बाहेर घसरणं), स्टॉल (पंखांची उचल तुटणं), स्पिन (गिरक्या घेत पडणं) हा क्रम इथेच घडतो. सरळ गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढा.

फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) 20 अंशच. त्यापुढे तीव्र स्लिप (एक पंख खाली आणि रडर उलट्या बाजूला ठेवून उडणं) पुस्तिकाच टाळायला सांगते. वेग 65, अधिक झोताच्या फरकाचा (24 वजा 16) निम्मा, म्हणजे 69 नॉट. क्रॅब, म्हणजे वाऱ्याकडे नाक वळवून सरळ रेषेत जाणं, साधारण 8-9 अंश डावीकडे.

क्रॅब शेवटच्या क्षणी झटक्यात सोडवण्यापेक्षा दोनशे फुटांवरच डावा पंख खाली घ्यावा आणि उजव्या रडरने नाक मधल्या रेषेला समांतर ठेवावं. बाजूला सरकणं एलेरॉनने (पंखांच्या टोकांजवळच्या हलत्या पट्ट्यांनी) थांबवायचं, नाकाची दिशा रडरने. या दोन कामांची गल्लत झाली की विमान डोलायला लागतं. स्लिपमध्ये खाली येण्याचा वेग वाढतो, थोडी पॉवर लागते. पूर्ण उजवा रडर देऊनही नाक डावीकडेच वळत असेल, तर ही धावपट्टी आज तुमची नाही.

फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) वेग घटतो तसे कंट्रोल ढिले पडतात, म्हणून एलेरॉन वाढवत न्या. आधी डावं चाक, मग उजवं. नाकाचं चाक टेकण्याआधी रडर मध्यावर आणा, नाहीतर विमान एकदम उजवीकडे ओढेल. चाकं टेकली की योक (एलेरॉन हलवणारं हाताचं चाक) सोडून देणं ही हमखास चूक. उलट धावत असताना तो हळूहळू पूर्ण डावीकडे न्यायचा.

टॅक्सीवेवर पूर्वेकडे वळल्यावर वारा उजव्या मागच्या बाजूने येतो. तिथे योक डावीकडे आणि पुढे, चाल सावकाश.