तुम्ही विचारलंत म्हणून : कपाटात आहे तरी काय?

"मॅडम, तुमच्याकडे कपडे आहेत तरी किती?" ऑफिसात विचारतात, एसटीत विचारतात, लग्नात हळदीकुंकवाच्या रांगेत विचारतात. नव्याने नोकरीला लागलेल्या मुली जरा आडून विचारतात, "तुमचं सगळं नेहमी जमून कसं येतं हो?" खरं उत्तर ऐकलं की हिरमुसतात. कपडे कमी आहेत. कपाटाचे दोन कप्पे आणि एक दांडी, साड्या धरून. यात माझ्या साधेपणाचं कौतुक करण्यासारखं काही नाही. मी रत्नागिरीजवळच्या पावस गावात राहते, रत्नागिरीला नोकरी करते, आणि आमच्याकडे न वापरलेला कपडा टिकत नाही.

घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. माझी पुण्याची नणंद लग्नातला शालू दर दोन-चार वर्षांनी काढते आणि तो जसाच्या तसा निघतो. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत कपाटात हात घालावा तर कोरडे ठेवलेले कपडेही गार, ओलसर लागतात. बुरशीला सुती कपडा मानवतो, खळ केलेला तर फारच. गौरींना नेसू म्हणून कडक इस्त्री करून ठेवलेली साडी ऐनवेळी उलगडावी, तर नेमकी घडीवर राखाडी ठिपक्यांची रांग. म्हणून महिन्याभरात एकदा तरी जो अंगावर किंवा वाऱ्यावर जाणार नाही, तो कपडा मी घेतच नाही. ज्याला तुम्ही माझी आवड म्हणता, ती निम्मी या दमट हवेने ठरवलेली आहे.

कपडे मोजकेच ठेवायचे म्हटल्यावर प्रत्येकाचं बाकीच्यांशी जमलंच पाहिजे. दुकानात मी स्वतःला एवढंच विचारते: हे घरातल्या कशाकशावर जाईल? तीन गोष्टी चटकन आठवल्या नाहीत तर कितीही सुंदर असो, परत ठेवते. त्यात फारसं गूढ नाही. खरी मेहनत कापड आणि रंग निवडताना.

सगळे सांगतात, कोकणात कॉटनच घाला. अर्धं खरं आहे. कापूस हवेतली आठेक टक्के ओल स्वतःत धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून मे महिन्यात सुती कुर्ता घाम टिपतो आणि पॉलिएस्टरमध्ये अंग चिकचिकतं. पण जुलैत तोच जाड सुती कुर्ता पडवीतल्या दोरीवर तीन दिवस लोंबतो आणि चौथ्या दिवशी कुबट वासासकट अंगावर येतो. तेव्हा धाग्याइतकंच कापडाच्या जाडीकडे बघावं. रामआळीतल्या दुकानात मी कापड ट्यूबलाइटपुढे धरते आणि मागे हात नेते. बोटं दिसली तर ते पावसाळ्याचं, नाही दिसली तर दिवाळीनंतरचं. मलमल, व्हॉइल, पातळ मंगलगिरी हे रात्री धुतलं तर पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतं. हल्ली कुर्त्या बहुतेक रेयॉनच्या येतात, हाताला छान मऊ लागतात. पण रेयॉन ओला झाला की त्याचा दम निम्मा होतो. पिळून काढलात तर विरतो, आणि भिजून जड झाला की लांबी वाढून घेर वाकडा होतो. जीन्सला माझा विरोध नाही, फेब्रुवारीत.

रंगाचं पहिलं कारण आमची माती. जांभ्याची तांबडी धूळ म्हणजे लोहाचाच गंज, तो साबणाला दाद देत नाही आणि ब्लीचलाही नाही. पांढरी सलवार घालून पावसाळ्यात एसटी स्टँडवर एकदा उभं राहिलं की ती कायमची बदामी. म्हणून पांढरं हवं तर कमरेच्या वर. खाली माझ्याकडे फक्त कोकमी, गडद निळा आणि काळपट चॉकलेटी, एवढेच रंग आहेत. वरचा कुठलाही कुर्ता त्यांतल्या कशावरही जातो, आणि तुम्हाला जे 'रोज नवीन' दिसतं ते बरंचसं या फिरवाफिरवीतून येतं. (काजूच्या दिवसांत बागेत जाताना मात्र हे काही कामाचं नाही. बोंडाच्या रसाचा डाग मेल्याशिवाय जात नाही, कपडा मेल्याशिवाय म्हणते मी. तिथे जुनेरंच.)

वरचे रंग चेहऱ्याला काय दिसतं यावर. ते दुकानातल्या आरशात कळत नाही, तिथला उजेड प्रत्येकाला गोरं करतो. कापड खांद्यावर टाकून सरळ दुकानाच्या पायरीवर यावं. जुने दुकानदार स्वतःच म्हणतात, "बाहेर उजेडात बघा, ताई." पिस्ता रंगात मी तापातून उठल्यासारखी दिसते, हे मला पायरीवरच कळलं. मोरपिशी, हळदी, विटकरी हे माझे. तुमचे वेगळे असतील, पण पायरीवर यायचा कंटाळा करू नका.

लांबीचं म्हणाल, तर भातलावणीला उतरणाऱ्या बायका लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून घेतात, त्यांना कुणी फॅशन शिकवलेली नाही. चिखलाच्या मुलखात काठ जमिनीला घासणारा कपडा हा वेडेपणा आहे. माझ्या सगळ्या पॅंटा घोट्याच्या वर संपतात. मुंबईहून आलेली भाची म्हणाली, "मावशी, अँकल लेंग्थ! ट्रेंडमध्ये आहेस." असेन.

आता शिवण. खरी स्टाइल इथे होते असं माझं ठाम मत आहे, कारण तयार कपडा कुणाच्याच मापाचा नसतो. आमच्या वाडीजवळच्या शिवणाऱ्या काकूंशी दर वेळी तोच संवाद होतो.

"अस्तर लावू ना?"

"नको."

"पातळ आहे हो कापड, आतलं दिसेल."

"आत शमीज घालीन, काकू. ती वेगळी धुतली जाते, वेगळी वाळते."

"सगळ्या लावतात."

"सगळ्यांचे वाळतात का, विचारा."

काकू हसतात आणि वहीत 'विनाअस्तर' लिहून त्याखाली रेघ मारतात. अस्तर म्हणजे वाळायला दुप्पट वेळ, शिवाय ते आधी भिजवून घेतलं नाही तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि कुर्ता पुढून गोळा होतो. अस्तराच्या वाचलेल्या पैशांत मी उजव्या बाजूला खिसा घालून घेते, मोबाइल आणि एसटीचे सुटे पैसे मावतील इतका खोल. आणि दोन्ही बाजूंना आत बोटभर माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड. वजन वर-खाली होणारच, दर दोन वर्षांनी नवे कपडे कोण शिवणार? बाही कोपरापर्यंत, गळा एकच, गेली कित्येक वर्षं तोच. मापाचा जुना कुर्ता काकूंकडेच ठेवलेला आहे.

साड्यांकडे येते, कारण बायका खरं तर साड्यांचंच विचारतात. साडी वाढवण्यापेक्षा ब्लाऊज नीट ठेवा. साडीसोबतचा ब्लाऊजपीस त्याच साडीवर शिवला की तो दुसरीकडे कुठेच जात नाही. मी टू-बाय-टू कापडाचे साधे ब्लाऊज ठेवले आहेत, काळा, कोकमी, मोरपिशी. आणि एक खणाचा. तेवढ्यांवर सगळ्या साड्या निघतात. काळ्या इरकलीवर, तिचा पदर तांबडा असल्यामुळे, कोकमी ब्लाऊज नवा वाटतो, मोरपिशी वेगळाच वाटतो. महेश्वरी घेताना काठ उलटून बघा. खऱ्या महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, एका पैशात दोन साड्या. शिवाय ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, म्हणून ती हलकी असते आणि लवकर वाळते. कांजीवरम मी घेत नाही. वापरायला वर्षातून दोन लग्नं आणि सांभाळायला बाराही महिने, हा हिशेब मला जमत नाही.

ओटीत आलेले ब्लाऊजपीस आपल्याकडे एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातले चांगले सुती खण मी काढून ठेवते. साध्या कुर्त्याला त्यांच्या बाहीच्या पट्ट्या आणि खिशाचं तोंड होतं. हल्ली लोकांना माझे कपडे 'ओळखू येतात' ते या पट्ट्यांमुळे, आणि त्याला खर्च शून्य.

"परवाच्या लग्नात हीच साडी होती ना?" असंही कुणीतरी म्हणतंच. होती. पुढच्या लग्नातही असेल. त्यावर मी दुसरं काही बोलत नाही, आणि तुम्हीही स्पष्टीकरण देत बसू नका.

ठेवण्याचं थोडक्यात. पावसाआधी साड्यांची खळ धुऊन काढा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. डांबरगोळ्या फडक्यात बांधून ठेवा, जरीला टेकल्या तर ती काळी पडते. कोल्हापुरी जूनमध्ये कागदात गुंडाळून माळ्यावर, तोपर्यंत रबरी सॅंडल, आणि त्यावर कुणी काही म्हणत नाही, कारण सगळ्यांच्या पायांत तेच असतं. दसऱ्यानंतर ऊन कडक झालं की सगळं बाहेर काढून सावलीतल्या वाऱ्यावर टाका. रेशीम थेट उन्हात नको. पुन्हा आत ठेवताना घड्या बदला. त्याच दिवशी कळतं की कुठल्या कपड्याला पावसाळाभर हात लागला नाही. तो त्याच दिवशी कुणाला तरी द्या, बुरशीला द्यायचा नाही.

सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्या मुलींना मी सांगते, आधी खालचे दोन रंग ठरवा आणि एक शिवणारी बाई धरून ठेवा. यंदा गणपतीला नवं घालायचं असेल तर कापड आषाढातच तिच्याकडे पोचवा. श्रावण लागला की आमच्या काकू दाराला पाटी लावतात, आणि चाकरमानी यायला लागले की फोनही उचलत नाहीत.