तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेजवर मी करतो काय?

लातूर असो, धाराशिव असो की नांदेड, कार्यक्रम संपला की कुणीतरी माझ्या मशीनच्या टेबलापाशी येऊन विचारतंच, "सगळं आधीच भरलेलं असतंय ना त्यात? मग तुम्ही वर उभं राहून करताव काय?" बटणांवर बोटं नाचवायचं नाटक चालतं, असा त्यामागचा संशय. तो अगदीच खोटा नाही, तसं करणारेही आहेत.

माझं मशीन म्हणजे सॅम्पलर. त्यात अख्खं गाणं नसतं, सुटे आवाज असतात: संबळाचा एकेक ठोका, तुणतुण्याची तार, झांज. संबळाचा एकच ठोका मी हलका, मध्यम, जोरकस असा वेगवेगळा घेऊन ठेवतो. नाहीतर तोच तो आवाज लागोपाठ वाजला की शिलाई मशीन चालू झाल्यासारखं वाटतं. झांजेचं आणखी वेगळं. मिटलेली झांज वाजली की आधीची घुमणारी तिथंच तुटायला हवी, म्हणून दोन्ही एकाच गटात बांधाव्या लागतात. ही सगळी घरची कामं. स्टेजवर येईपर्यंत ती झालेली असतात, तेवढ्यापुरतं तुमचं "आधीच भरलेलं" मान्य.

आता सिंकचं. माझ्या सॅम्पलरमागे खर्जातले सूर काढणारा एक बेस सिंथ आणि एक ड्रम मशीन असतं. तिघांनी एका लयीत चालावं म्हणून सॅम्पलर त्यांना मिडी क्लॉक, म्हणजे लयीचे ठोके, पाठवतो. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा, १९८३ साली आलं. पाच पिनांची ती गोल वायर आजही तेच काम करते. एका मात्रेमागे २४ ठोके जातात, म्हणजे मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत दर २५ मिलिसेकंदाला एक. गंमत अशी की "लय १०० आहे" असा आकडा त्या क्लॉकमधून जातच नाही. जातात फक्त ठोके, आणि मागची मशीनं त्यांच्या अंतरावरून लय ओळखतात. त्यामुळे मी लयीचं बटण जरा फिरवलं की दोघंही मुकाट मागं येतात. अट एकच, क्लॉक पाठवणारा एकच हवा.

मशीनचं मशीनशी असं जमतं. माझ्यासोबत संबळावर एक गोंधळी काका असतात, आणि त्यांना कुठली वायर लावणार? गोंधळ एका लयीत बसत नाही. आईचं नमन संथ, कथेत लय मागंपुढं, आणि रंग चढला की हात सुटतो. एका तालमीत काका म्हणाले, "दादा, तुमचं मशीन मागं राहायलंय की." मशीन जागेवरच होतं, ८८ वर. काका पुढं गेले होते, आणि कथा तिथं आल्यावर जायलाच हवं होतं.

काकांच्या कानात क्लिक (लयीची टकटक) देऊन त्यांना मशीनला बांधता येतं. पुष्कळ जण तेच करतात. गोंधळाच्या बाबतीत मला ते पटत नाही. म्हणून मशीनंच काकांच्या मागं चालवतो: माझा डावा हात पूर्ण वेळ लयीच्या बटणावर आणि डोळे काकांच्या काड्यांवर. बटण झटक्यात फिरवलं तर सिंथवरचा डिले (आवाज मागून पुन्हा उमटवणारा परिणाम) विचित्र ताणला जातो, म्हणून दशांशानं सरकवत न्यायचं. काकांनी कथा लांबवली की सिक्वेन्सर (भरलेल्या ठोक्यांचे पॅटर्न आपोआप वाजवणारा भाग) थांबवतो आणि सॅम्पलरची पॅड हातानं वाजवतो. ते पदावर परत आले की पहिल्या ठोक्यावर स्टार्ट. इथं "कंटिन्यू" दाबलं तर पॅटर्न जिथं थांबला होता तिथूनच पुढं सुरू होतो, आणि मग सगळं अर्ध्या आवर्तनानं तिरकं.

स्विंग म्हणजे दर दुसरा ठोका जरा उशिरा पाडून आणलेला झोल. वाद्यं घडवणाऱ्या रॉजर लिनच्या १९८८ च्या अकाई एमपीसी६० या सॅम्पलरमध्ये तो टक्क्यांत मिळतो: ५० म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास ट्रिप्लेटचा, म्हणजे मात्रेचे तीन भाग केल्यासारखा झोल. फार कामाची सोय आहे, बेसलाइनला मी ती वापरतोच. काकांचा झोल मात्र नमनात एक आणि शेवटाकडे दुसराच असतो. संबळाचे पॅटर्न म्हणूनच मी क्वांटाइझ (ठोके नेमक्या जागी ओढून बसवणारी सोय) बंद ठेवून भरतो.

लॅपटॉप का नाही, हेही विचारतात. पडद्यात डोळे अडकले की काड्या दिसत नाहीत, एवढंच. लॅपटॉपवर उत्तम काम करणारे आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

आणि लाईट गेली तर? जनरेटरवर आपोआप जाईपर्यंत छोटा यूपीएस सांभाळतो. तोही दगा देतो कधीकधी. मग मशीन पुन्हा चालू होऊन पॅटर्न लोड होईपर्यंत काका थांबत नाहीत, संबळाला प्लग नाही. ते कथेत बरंच पुढं निघून गेलेले असतात. मी आधी त्यांची नवी लय मोजून घेतो, बटण तिथं आणतो, आणि पुढच्या पदाची वाट बघत बोट स्टार्टवर ठेवतो.