कांडीचा हिशेब

१२ मे, रात्री साडेनऊ

चार दिवस माग बंद राहिला. हातात जाकिटाच्या कापडाची ऑर्डर होती, सूत घरात होते, ताणा, म्हणजे कापडाचे उभे सूत, मागावर चढलेला होता आणि विणणारे मामाही रोजच्यासारखे सकाळी सहाला येऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत होते. पण आडवे सूत घेऊन ताण्यातून धावणाऱ्या लाकडी धोट्यात घालायला कांडी, म्हणजे त्या सुताने भरलेली नळी, नव्हती. आमच्याकडे कांड्या भरणाऱ्या अक्का तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. बारा वर्षांत माझा माग सुताअभावी थांबला आहे, पैशाअभावी थांबला आहे, मामांच्या गुडघ्यामुळेही थांबला आहे. कांडीअभावी तो प्रथमच थांबला, आणि या बारा वर्षांत आपण कशाचा हिशेब ठेवलाच नाही, ते मला या चार दिवसांत कळले.

काल दुपारी शेवटी मीच कांड्या भरायच्या रहाटावर बसले. सुताची लडी फिरत्या चक्रावर चढवायची, तिचे टोक हुडकून काढायचे, कांडी चातीवर, म्हणजे रहाटाच्या फिरत्या सळईवर, घट्ट बसवायची, उजव्या हाताने रहाट फिरवायचा आणि डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून सूत सोडत राहायचे, एवढेच ते काम आहे, असे मी समजत होते. परंतु सूत कांडीवर नुसते गुंडाळून चालत नाही. बुडापासून सुरुवात करून, लहान लहान उतरत्या थरांनी, आधीच्या थरावर थोडे चढवत चढवत ते टोकाकडे न्यावे लागते, म्हणजे धोटा धावताना ते टोकाकडून अलगद सुटत येते. हात सैल पडला तर धोट्याच्या पहिल्याच फटक्याला सुताची वेटोळी एकदम निसटून गुंता होतो, आणि हात आवळला गेला तर सूत अडखळत सुटते व कापडाची किनार आत ओढली जाते. जाडी जरा जास्त झाली, तर कांडी धोट्याच्या पोटात घासते. तीन तासांत माझ्या पंचवीस कांड्या झाल्या आणि उजवा खांदा भरून आला.

त्यातली पहिली कांडी मामांनी आज सकाळी धोट्यात घातली. आठ-दहा वेळा धोटा इकडून तिकडे गेला असेल, तोच त्यांनी पावडीवरचा पाय उचलला, डाव्या किनारीवरून बोट फिरवले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "ताई, ही अक्काची कांडी न्हाई." मी काहीच बोलले नाही. कांडी कोणी भरली हे त्यांना किनार सांगते, आणि ते कापड विकणारी मी इतकी वर्षे मीटरच मोजत आले होते.

म्हणून आज संध्याकाळी वही घेऊन बसले. जाकिटाच्या कापडाचा आमचा ताणा चाळीस मीटरचा असतो, पन्हा छत्तीस इंची, इंचाला छत्तीस तारा, म्हणजे एकूण सुमारे १३०० तारा. आडव्या सुताचे तारही इंचाला जवळजवळ तेवढेच पडतात. चाळीस मीटर विणायला हे आडवे सूत, म्हणजे बाणा, सव्वातीन किलो लागतो आणि एका कांडीत सतरा-अठरा ग्रॅम सूत मावते. या हिशेबाने एका ताण्याला १८० कांड्या लागतात. अक्कांचा हात बसलेला आहे, त्यांना एका कांडीला तीन मिनिटे पुरतात. १८० कांड्यांचे नऊ तास झाले. या नऊ तासांचे मी अक्कांना किलोला ५० रुपये या दराने १६० रुपये देत आले, म्हणजे कांडीला ९० पैशांहूनही कमी. हा आकडा मी तीनदा मांडून पाहिला.

हा दर मी कधी ठरवलाच नव्हता. मी हे काम सुरू केले तेव्हा आजूबाजूला विचारले, "कांडीला काय देतात?" लोकांनी किलोचा भाव सांगितला आणि मी तो वहीत लिहून घेतला, पुढे सूत महागले तेव्हा त्यात थोडीफार भर घातली, एवढेच. विणणाऱ्याची मजुरी मीटरवर ठरवताना मात्र मी मामांशी दोन दिवस बोलले होते. सोलापुरात साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ या भागांत ज्या घरांतून पूर्वी हातमागाचा आवाज यायचा, तेथे विणणारा एक असे आणि त्याच्या मागे घरातली बायकामुले सूत उकलत, कांड्या भरत, ताणा लावत. ते घरचे काम होते, त्याला वेगळी मजुरी नव्हती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी या शहरात हातमाग रुजवला आणि पुढे यंत्रमाग, चादर व टॉवेल यांच्यामुळे सोलापूरचे नाव सर्वदूर झाले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण घरातले ते बिनमजुरीचे काम जेव्हा घराबाहेरच्या बाईकडे आले, तेव्हा त्याचा दर ठरवताना ते बिनमजुरीचेच असल्यासारखे धरले गेले, आणि मीही तसेच धरले.

आमच्याकडच्या बाकीच्या कामांत असे होत नाही, हे लिहिता लिहिता लक्षात आले. उपरण्यांसाठी दोघी जणी पेटी चरख्यावर सूत कातून देतात. त्यांचा हिशेब गुंडीवर आहे. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, हे माप खादीच्या कामात पूर्वीपासून ठरलेले आहे, त्यामुळे कातणारीला आपण आज काय केले ते सांगायला कोणाची गरज लागत नाही. १९३५ साली गांधीजींनी कातणाऱ्यांना निदान जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला आणि खादी महागणार हे दिसत असूनही खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघाने तो स्वीकारला. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत अशी त्यांची इच्छा होती. कताईला माप होते, म्हणूनच तो वाद तरी घालता आला, असे मला वाटते.

सुयांवरच्या विणकामाचेही तसेच. लोकरीचे काम सोलापूरच्या हवेत इथे कोण घेणार, म्हणून ते सारे पुण्याला जाते. टोपीला किती टाके घालायचे, किती ओळी सुलट, किती उलट, हे कागदावर असते. एकीचा हात घट्ट आहे, दुसरीचा सैल. त्यामुळे तेवढ्याच टाक्यांची टोपी एकीची लहान होते, एकीची मोठी, आणि म्हणून दोघींना वेगळ्या जाडीच्या सुया दिल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी सांगोल्याकडची दख्खनी मेंढीची काळी लोकर आणून तिच्या टोप्या करून पाहिल्या. ती घोंगडीची लोकर, कपाळाला टोचते. तिची आता आसने विणतो. पण दर मात्र टाके आणि तास मोजूनच ठरवले आहेत. मोजली नाही ती फक्त कांडी.

अक्का पूर्वी बिड्या वळायच्या. आमच्याकडे आल्या त्या वर्षी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "बिडी हजारावर मोजत्यात, ताई. कांडी कोण मोजतंय?" मी तेव्हा ते नुसते ऐकून सोडून दिले, आणि या ओळी लिहिताना त्याचे मला फार वाईट वाटते आहे.

उन्हाळ्यात तर हे काम आणखी जड जाते. हवा कोरडी पडली की सुती धागा ठिसूळ होतो. ओलावा असला की तोच धागा ताण सोसतो. म्हणून मामा सहाला बसतात आणि अकराला उठतात, खिडक्यांना आम्ही ओले गोणपाट लावतो, खड्ड्याची जमीन शिंपतो. पाणी चार-पाच दिवसांआड येते, तेव्हा रंगाचे आणि खळ देण्याचे काम त्याच दिवशी उरकावे लागते आणि उरलेले पाणी गोणपाटांसाठी झाकून ठेवावे लागते. मागावर तुटलेला तार मामा सांधतात आणि तो वेळ सर्वांना दिसतो. रहाटावर लडीचे सूत तुटते, अक्का ते थुंकीच्या बोटाने शोधून पुन्हा जोडतात, तो वेळ माझ्या कोणत्याही वहीत नाही.

नवा दर कांडीला ३ रुपये ठरवला आहे. ताण्यामागे ५४० रुपये होतात. आधीपेक्षा ३८० रुपये जास्त, म्हणजे कापडाच्या मीटरला साडेनऊ रुपये. साडेनऊ रुपयांसाठी गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते का, असे स्वतःला विचारले, तर थोडी वाटते. यंत्रमागाच्या कापडाशी तुलना करून भाव पाडून मागणारे दर महिन्याला एक-दोघे तरी भेटतात. हातातल्या ऑर्डरचा भाव दिलेला आहे, तो फरक मी सोसेन. पुढच्या ऑर्डरपासून बिलात कांडी वेगळी लिहिणार आहे.

साडेसातला अक्कांच्या घरी गेले होते. ताप उतरला आहे, चेहरा ओढलेला. दर सांगितला. त्यांनी मान हलवली आणि मनातल्या मनात काही मोजले. मग माझ्या पिशवीतून मी भरलेली एक कांडी मागून घेतली, अंगठ्याने मध्यभागी दाबून पाहिली, टोक धरून हातभर सूत ओढले आणि कुठे अडते ते मला दाखवले.

"रहाटाची माळ ढिली झालीया," त्या म्हणाल्या, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणारी दोरी. "महिन्यापास्नं सांगीन म्हनत होते. ती बदला आधी. आन् ह्या उलगडून ठेवा, परवा मी परत भरते."

राहिलेल्या चोवीस कांड्या टोपलीत आहेत. माळेसाठी जाड सूत काढून ठेवले आहे. उद्या मामांना वळायला सांगायचे.