एम्प्रेस प्लेसवरचा तीस डिसेंबर

सिंगापूरला होतो तेव्हा आमच्या घरात वर्षाची अखेर फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष डॉक्टर होसे रिझाल यांच्या नावाने व्हायची. आम्ही मूळचे पुण्याचे. फिलिपिन्सशी संबंध एवढाच की मुलांना सांभाळायला आणि घर बघायला आते होती. थोरल्या बहिणीला त्यांच्याकडे आते म्हणतात, म्हणून आमच्याकडेही लहानथोर सगळे तिला तेच म्हणायचे. नोव्हेंबर लागला की ती बजावायला सुरुवात करी, "मॅम, तीस तारखेला मी सकाळीच जाणार." पहिल्यांदा ती एकटीच गेली. मग शाळेला सुट्टी म्हणून मुलं तिच्या मागे लागली, आणि हळूहळू आम्ही दोघंही जायला लागलो.

३० डिसेंबर १८९६ रोजी सकाळी सात वाजता मनिलाच्या बागुम्बायान मैदानावर, तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारने रिझालना गोळ्या घातल्या. वय ३५. डोळ्यांचे डॉक्टर, दोन कादंबऱ्यांचे लेखक, आणि सरकारविरुद्ध हातात शस्त्र कधी न घेतलेला माणूस. दोनच वर्षांत क्रांतिकारकांचे नेते आगिनाल्दो यांनी हा दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून जाहीर केला. तेव्हापासून फिलिपिन्समध्ये झेंडा अर्ध्यावर येतो, आणि परदेशात जिथे त्यांची वकिलात आहे तिथे लोक जमतात.

सिंगापुरात जमायची जागा फार देखणी. नदीकाठी, एम्प्रेस प्लेसला, एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियमच्या हिरवळीवर २००८ साली रिझालांचं स्मारक उभं राहिलं. पुढे २०११ मध्ये त्याच हिरवळीवर नेहरूंचा अर्धपुतळाही आला, त्यामुळे आम्हाला उगीचच आपण यजमानांपैकी आहोत असं वाटायचं. डिसेंबर म्हणजे तिथे पावसाचा महिना. छत्र्यांची गर्दी, त्यातून वाट काढत पुष्पचक्र घेऊन येणारे वकिलातीचे अधिकारी, अननसाच्या धाग्यांचे झिरझिरीत बारोंग सदरे घातलेले पुरुष, 'नाइट्स ऑफ रिझाल' या संस्थेची पदकं गळ्यात मिरवणारे म्हातारे काका. राष्ट्रगीत सुरू झालं की सगळ्यांचा उजवा हात छातीवर. तीस तारीख आडवारी आली तर पंचवीस-तीस माणसं, रविवारी आली तर बघायलाच नको. घरकाम करणाऱ्या बायकांची सुट्टी रविवारची, त्या सगळ्या ऑर्चर्ड रोडच्या लकी प्लाझा मॉलकडे न जाता इकडे लोटायच्या. माझ्या मते खरी पुण्यतिथी रविवारचीच. आडवारच्या कार्यक्रमात भाषणं लांबत, रविवारी ती ऐकून घ्यायला कुणाला सवड नसे.

आमच्या आतेकडे कवितेचं काम होतं. देहदंडाच्या कोठडीतल्या शेवटच्या रात्री रिझालांनी स्पॅनिशमध्ये निरोपाची कविता लिहिली. चौदा कडवी. कागदाची घडी करून ती स्पिरिटच्या छोट्या शेगडीत लपवली आणि भेटायला आलेल्या बहिणीला, त्रिनिदादला, शेगडी देताना हळूच इंग्रजीत सांगितलं की आत काहीतरी आहे. पहाऱ्यावरच्यांना इंग्रजी कळत नव्हतं. ही कविता आते त्यांच्या तागालोग भाषेतून म्हणायची, पाठ, कागद न बघता. घरी हळू आवाजात बोलणारी ही बाई तिथे माईकसुद्धा घेत नसे.

मला मात्र सगळ्यात आवडायचा तो सिंगापूरचा भाग. दरवर्षी कुणीतरी उठून तो सांगायचंच, आणि सांगणारा बदलला तरी शेवटी बायका तशाच चुकचुकायच्या. १८८२ साली रिझाल पहिल्यांदा इथे उतरले ते २० वर्षांचा विद्यार्थी म्हणून, आईवडिलांना न कळवता स्पेनला निघालेला. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा आले. क्यूबातल्या स्पॅनिश फौजेत डॉक्टर म्हणून काम करायला निघाले होते आणि बोट इथे थांबली होती. तिकडे मनिलात स्पेनविरुद्ध उठाव सुरू झालेला. त्याच बोटीवरचे श्रीमंत सहप्रवासी पेद्रो रोहास सिंगापूरला उतरून गेले ते परत चढलेच नाहीत. रिझालनाही म्हणाले, उतरा, इथे इंग्रजांचं राज्य आहे. रिझालनी ऐकलं नाही. आपण निर्दोष आहोत, पळालो तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, हे त्यांचं म्हणणं. पुढे अटक झाली, बार्सिलोनाच्या मोंजुइक किल्ल्यात एक दिवस ठेवलं आणि 'कोलोन' बोटीने परत पाठवलं. ती बोट सिंगापूरला लागली तेव्हा लंडनमधल्या मित्रांच्या तारांवरून ह्यू फोर्ट नावाच्या वकिलाने इथल्या कोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद्याला कोर्टापुढे हजर करा असा, अर्ज केला. बोटीवर स्पॅनिश सैन्य आहे, तिच्यावर आमचा अधिकार चालत नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी तो फेटाळला.

माझा नवरा हे पहिल्यांदा ऐकून चटकन म्हणाला, "म्हणजे मार्सेलिसच्या बरोब्बर उलट!" मग परतीच्या वाटेवर त्याने आतेला सावरकर सांगितले. १९१० ची मोरिया बोट, पोर्टहोल, उडी, सगळं अगदी रंगवून. आतेने शांतपणे विचारलं, "मग पोचले का, सर?"

"किनाऱ्यावर पोचले. पण पकडून परत आणलं."

"बघा," आते म्हणाली. तिचा रिझाल बरोबर ठरला होता, विषय संपला.

रविवारच्या कार्यक्रमानंतर एखाद्या हॉलमध्ये जेवण असे, आणि तिथे शोक वगैरे काही उरत नसे. नाताळ नुकताच झालेला, चांदण्यांचे आकाशकंदील अजून टांगलेले. पान्सित, लुम्पिया, नारळाच्या दुधातली बिबिंका. लेचे फ्लानपाशी रांग सगळ्यात मोठी, आणि तीत बडे साहेबही ताटली धरून उभे. गप्पांत रिझालांच्या लॉटरीचा विषय हमखास निघायचा. दक्षिण फिलिपिन्समधल्या दापितानला हद्दपारीत असताना त्यांनी दोघांबरोबर भागीत तिकीट घेतलं आणि २०,००० पेसोंचं बक्षीस लागलं. त्यांच्या वाट्याला ६,२०० आले. त्यातले काही वडिलांना पाठवले, बाकीच्यात समुद्रकाठी जमीन घेतली. दर आठवड्याला टोटो लॉटरीचं तिकीट काढणाऱ्या बायकांना हा रिझाल अगदी जवळचा वाटायचा. मलाही, खरं सांगायचं तर, पुतळ्यापेक्षा हाच.

शेवटी मुलांसाठी प्रश्नमंजुषा. एका वर्षी प्रश्न आला की रिझालांचं नाव कोणत्या प्राण्याला दिलंय. दापितानला ते किडे, बेडूक, सरडे गोळा करून जर्मनीला ड्रेस्डेनच्या संग्रहालयात पाठवायचे, त्यातल्या काहींना तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यांचंच नाव दिलं. फिलिपिनो मुलं एकमेकांकडे बघत असताना आमच्या चिरंजीवांनी हात वर केला. ड्रॅगनचं वेड होतं त्याला तेव्हा. "ड्राको रिझाली! उडणारा सरडा!" हॉलभर टाळ्या पडल्या, आणि आतेने शेजारणीला सांगून टाकलं की पोराला मीच शिकवलंय. बक्षीस होतं पोल्व्होरोनच्या गोड वड्यांचा डबा. एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, खाल्लं की दंड, म्हणून घरापर्यंत त्याने तो मांडीवर घट्ट धरून ठेवला. स्टेशनच्या फाटकाबाहेर पाऊल पडताच पहिली वडी आतेनेच उचलली.