वाड्याची मापं घेताना

रविवार, रात्री

आमच्या जुन्या वाड्याचा नकाशा काढायला घेतलाय. आज माजघराचे दोन्ही कर्ण मोजले, तर त्यांत सात इंचांचा फरक निघाला. म्हणजे खोली काटकोनात नाही. नुसत्या चार भिंतींची लांबी घेऊन कागदावर आयत काढला असता, तर हे कधीच लक्षात आलं नसतं. कारण बाहेर ओट्यावर सापडलं. जुनी गल्ली तिथून तिरकी जाते आणि पूर्वेची भिंत तिला धरूनच उठवली आहे.

आमचं गाव इंदूरजवळ, कंपेलच्या बाजूला. परगण्याचं ठाणं 1720 मध्ये कंपेलहून इंदूरला हललं, तरी आसपासच्या गावांतून शेतीवाडी आणि वाडे धरून मराठी कुटुंबं राहिली. वाडा एका पूर्वजाने एका दमात बांधला, असं घरात सगळे सांगतात. आज शिडीवर चढून बघितलं, तर ओसरीच्या तुळईला बाजूने रिकाम्या खाचा दिसल्या. बोट घातलं, आत फक्त धूळ होती. साधारण हातभर अंतराने कोरलेल्या, पण एकीतही कडी, म्हणजे छताचं आडवं लाकूड, बसवलेली नाही. आताच्या कड्या तुळईवर सरळ टेकलेल्या आहेत. म्हणजे हा सागवान आधी दुसऱ्या घराचा माथा पेलत होता आणि तिथून उतरवून इथे आणला गेला. मला तर हा वाडा त्यामुळे अधिकच मोलाचा वाटायला लागला.

छपराचंही तसंच. मागच्या पडवीवर गावच्या कुंभाराचे हाताने घडवलेले अर्धगोल कवेलू, म्हणजे गावठी कौलं, आहेत आणि माडीवर मंगलोरी कौलं. मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना 1865 चा. इंदूरचे राजे तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एक कोटीचं कर्ज दिलं, तेव्हा खांडव्याहून रेल्वे इंदूरला आली, तीही 1870 च्या दशकात. इतका जड माल बैलगाडीने एवढ्या लांबून कोण आणणार? तेव्हा माडीचं आताचं छप्पर रेल्वेनंतरचं, असं मी धरून चालले आहे.

दुपारी आत्याला हात धरून घरभर फिरवलं. मी ज्याच्यापुढे नुसतं ‘कोनाडा’ लिहिलं होतं, तो चिमणीचा, म्हणजे रॉकेलचा दिवा ठेवायचा कोनाडा. त्याच्या माथ्यावर काजळीचा पट्टा अजून आहे. स्वयंपाकघरातला अरुंद जिना थेट माडीवर निघतो, तो का, हेही तिनेच सांगितलं. ओसरीवर पुरुषांची बैठक असली की बायकांना समोरून जाता येत नसे. बाळंतिणीची खोली, जातं, धान्याचं बळद, सगळं तिने बोटाने दाखवलं. नकाशात भिंतींच्या जाडीइतकंच हेही यायला हवं. कोण कुठून ये-जा करत होतं हे कळल्याशिवाय तो जिना कागदावर नुसत्या पायऱ्या होऊन राहतो.

संध्याकाळी दादाशी बोलणं झालं. पावसाळ्याआधी सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घ्यायचा त्याचा विचार होता. त्याला न्हाणीच्या भिंतीपाशी नेलं. तिथे मागेच सिमेंट झालंय. ठोकलं तर पोकळ आवाज. एक पापुद्रा काढला, तर मागची माती ओली, मुठीत दाबली की गोळा व्हावा इतकी. मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद होते, पाणी आत साठतं आणि भिंत आतून पोखरते. त्यात माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पायाही थोडा हलतोच. मातीची भिंत ते थोडंफार सोसते, कडक गिलावा तडकतो. मातीवर मातीचाच गिलावा, वरून चुना, हेच बरोबर आहे. दादाने ऐकून घेतलं, पापुद्रा स्वतः हातात घेऊन बघितला.

होळकरांच्या राजवाड्याचा मोठा भाग 1984 च्या आगीत गेला, तेव्हा सगळ्या इंदूरला चटका लागला. खेड्यातला वाडा पडला की मात्र लाकूड विकलं जातं आणि जागा साफ होते. म्हणून मला घाई आहे. आणि नकाशात काढायचं ते आज जसं आहे तसं: मोरीवरचा पत्रा, बुजवलेली खिडकी, ओसरीत मध्येच घातलेली विटांची भिंत, सगळं. ‘मूळ वाडा’ कल्पनेने रंगवण्यात मला रस नाही. ठिगळं काढून टाकली, तर मधली सगळी माणसंही पुसली जातील.

न्हाणीचं सिमेंट काढायला दादा तयार झालाय. मिस्त्री येण्याआधी त्या भिंतीचा उभा छेद कागदावर काढून घ्यायचा आहे, सिमेंटच्या थरासकट.