कोयासानला एक रात्र : देवळातला मुक्काम आणि ओकुनोइनची वाट

जपानमध्ये शाकाहारी माणसाची पंचाईत मिसो सूपपासूनच सुरू होते. वाटीत तोफू आणि कांद्याची पात दिसते, पण खालचं पाणी बहुधा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं असतं. सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्श्याचीही तीच गत. वाकायामा प्रांतातल्या कोयासानला मात्र निर्धास्त जेवता येतं. 816 साली बौद्ध भिक्षू कूकाईंना (कोबो दाइशी) या डोंगरावर मठासाठी जागा मिळाली. आज इथे त्यांच्या शिंगोन या बौद्ध पंथाची 117 देवळं आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक देवळांत पाहुण्यांची राहायची सोय होते.

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून नानकाई कोया लाइन पकडायची. जेआर पास (जपान रेल्वेचा प्रवासी पास) इथे चालत नाही. काही गाड्या हाशिमोतोपर्यंतच जातात, तिथे बदलावं लागतं. गोकुराकुबाशीला केबल कार आणि वर पोहोचल्यावर बस. गाव जवळ दिसलं तरी स्टेशनातून चालत सुटू नका, सुरुवातीचा रस्ता फक्त बससाठी आहे. केबल कारचा फलाट पायऱ्यापायऱ्यांचा आहे, तेव्हा मोठ्या बॅगा नाम्बाच्या लॉकरमध्येच राहू द्या.

देवळात संध्याकाळी पाचच्या आत पोहोचायलाच हवं. जेवण साडेपाच-सहाला वाढतात आणि रात्री गावात फारसं काही उघडं नसतं, त्यामुळे उशीर झाला तर बहुधा उपासच. ताटात शोजिन र्‍योरी : भिक्षूंचं शाकाहारी जेवण, मासा नाही, मांस नाही, कांदा-लसूण नाही, रस्सा कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमचा. गोमादोफूला सोयाबीनचा तोफू समजू नका. तीळ आणि कुडझूच्या कंदाचं सत्त्व शिजवून, घोटून, थंड करून त्याची वडी पाडतात. वर वासाबी आणि थोडा सोयासॉस. कोयादोफू गोठवून वाळवलेला असतो, त्यामुळे स्पंजासारखा रस धरून ठेवतो. जैन मंडळींनी मात्र सावध राहावं, कमळकाकडी, मुळा, गाजर सर्रास असतं.

न्हाणीघर बहुतेक ठिकाणी सामायिक असतं. आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मगच हौदात उतरायचं. युकाताची (देवळातून मिळणाऱ्या सुती किमोनोची) डावी बाजू वर घ्यावी, उजवी वर फक्त मृताला घेतात. पहाटेची प्रार्थना सहा-साडेसहाला. काही देवळांत तेव्हा गोमा, म्हणजे आपला होमच, करतात. तो बघायचा असेल तर खोली ठरवतानाच विचारून घ्या.

आता ओकुनोइन, म्हणजे कूकाईंची समाधी आणि तिच्याभोवतीची दफनभूमी. बसने थेट ओकुनोइन-माएला उतरलात तर जवळची वाट मिळते, पण खरी मजा हुकते. इचिनोहाशी पुलापासून सुरुवात करा. सुमारे दोन किलोमीटर उंच सुगी (जपानी देवदार) वृक्षांखालून वाट जाते, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या आणि स्मारकं. सोळाव्या शतकातले सरदार इथे आहेत : ओदा नोबुनागा इथेच, ताकेदा शिंगेन आणि त्याचा हाडवैरी उएसुगी केन्शिनही इथेच. वाळवी-नियंत्रण करणाऱ्यांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी स्मारक उभारलंय, तेही शोधा. शेवाळलेले पाच थरांचे दगड नीट पाहा. खालून चौकोन, गोल, उतरतं छप्पर, अर्धगोल आणि वर कळसाचा मणी : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांवर सिद्धम् लिपीतली अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरं कोरलेली आढळतात.

गोब्योबाशी पूल ओलांडला की फोटो बंद, टोपी काढायची, खाणं-पिणं नाही. कूकाई आत समाधीत आहेत अशी श्रद्धा असल्याने त्यांना रोज सकाळी 6 आणि 10:30 ला नैवेद्य नेतात. पाच-दहा मिनिटं आधी पोहोचा.

उरलेल्या वेळात कोंगोबुजी या मुख्य देवळातली दगडांची बाग आणि कोनपोन दाइतो हा 48.5 मीटर उंच भगवा स्तूप पुरे. गाव 800 मीटरवर आहे, ओसाकात शर्टावर फिरत असलात तरी इथे स्वेटर लागतो. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पानं लाल होतात. त्या दिवसांत जायचं असेल तर खोली काही महिने आधीच धरा.