आंबोलीच्या रात्रींसाठी नवा कॅमेरा : शोध कुठवर आला

नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) शोधतेय म्हटल्यावर ग्रुपमधल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "फुल फ्रेमच घेतेयस ना?" फुल फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर. आजच्या घडीला उत्तर आहे, बहुतेक नाही. कारण जरा सविस्तर लिहिते, मॅक्रो (लहान जिवांचे अगदी जवळून फोटो) करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

दुकानात जाण्याआधी मी माझेच जुने फोटो चाळले. गेल्या काही पावसाळ्यांतले निवडून ठेवलेले फोटो लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथ, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) यांनुसार गाळले. जवळजवळ सगळे रात्रीचे, १०० मिमी मॅक्रोने, डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावलेल्या फ्लॅशवर काढलेले. ॲपर्चर एफ/११ ते एफ/१६, आयएसओ २०० ते ४००. म्हणजे ज्या हाय आयएसओसाठी लोक फुल फ्रेमकडे वळतात, ते मला लागतच नाही. उजेड मीच सोबत नेते. सेकंदाला वीस फ्रेमचंही तसंच, फ्लॅश तेवढ्या वेगाने चार्ज होत नाही. मेगापिक्सेलचा हिशोब तर दोन मिनिटांत संपला : २० मेगापिक्सेलमधून ३०० डीपीआयला साधारण १७ × १३ इंचाचा प्रिंट निघतो, आणि त्याहून फारसं मोठं मी कधी छापलेलं नाही.

खरा विचार करायला लावला तो सेन्सरच्या आकाराने. आंबोलीत आपण ज्यांच्या मागे असतो ते बुश फ्रॉग तीन सेंटीमीटरच्या आसपासचे. फुल फ्रेमची रुंदी ३६ मिमी. त्यात असा बेडूक जवळजवळ कडेपर्यंत भरायचा तर १:१, म्हणजे सेन्सरवर बेडकाएवढीच प्रतिमा, गाठावं लागतं. मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत सेन्सर १७.३ मिमी रुंद, तिथे तोच बेडूक १:२ वरच फ्रेम भरतो. शिवाय मोठ्या सेन्सरवर एफ/१६ ला जेवढी डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) मिळते तेवढी इथे साधारण एफ/८ लाच मिळते. यात जादू काही नाही, सेन्सरवर उजेडही एकूण कमीच पडतो. पण बेस आयएसओजवळ काम असेल तर फोटोत तो फरक मला दिसला नाही. फ्लॅशला मात्र मोठा फरक पडतो. जवळून टिपताना लेन्समधून उजेड कमी पोचतो, म्हणून १:१ ला एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं, तर १:२ ला एफ/८ होतं एफ/१२. आयएसओ तोच ठेवला तर फ्लॅशला चौथ्या हिश्श्याहूनही कमी जोर लावावा लागतो. सेल जास्त वेळ पुरतात, आणि बेडकाच्या डोळ्यांवर भडक झोत कमी पडतो. माझ्या लेखी ही गोष्ट फार मोठी आहे.

वजनाचंही सांगते. कॅननची ईएफ १०० मिमी एल मॅक्रो ६२५ ग्रॅम, ऑलिंपसची ६० मिमी मॅक्रो १८५ ग्रॅम. डाव्या हातात डिफ्यूझर सावरत उकिडवं बसल्यावर हा फरक मनगटाला लगेच कळतो.

मग एका मैत्रिणीची ओएम-५ ही मायक्रो फोर थर्ड्सची बॉडी मागून घेतली आणि आंबोलीला नेली. पाण्याच्या टाकीवर झुकलेल्या फांदीला मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं फेसाचं घरटं होतं, अगदी खाली, गुडघ्याच्याही खाली. तिथे व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं अशक्य. चष्म्यावर वाफ येते ते वेगळंच. स्क्रीन बाजूला उघडून वर वळवली आणि काम झालं. ओल्या बोटांना टचस्क्रीन जुमानत नाही, त्यामुळे फोकस पॉइंट आणि मॅग्निफायची बटणं हेडटॉर्च बंद करून नुसत्या स्पर्शाने सापडतात का, हे तिथेच तपासलं. आणखी एक गोष्ट मिररलेस घेणाऱ्यांनी आवर्जून पाहावी : मॅन्युअल फ्लॅशवर एक्स्पोजर प्रीव्ह्यू (फोटो कितपत उजळ येईल ते स्क्रीनवर आधीच दाखवणं) चालू असेल तर स्क्रीन काळीठिक्कर पडते. तो बंद करायचं बटण हाताशी हवं, मेन्यूच्या पोटात नको. याच कारणावरून एक दुसरी बॉडी मी यादीतून काढली, कागदावर ती सगळ्यात सरस असूनही.

ओएम-५ ला आयपी५३ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाचं) रेटिंग आहे. पण लेन्सही सील्ड असेल तरच त्याला अर्थ, आणि वर लावलेला फ्लॅश भिजतोच. छत्री धरणारा सोबती लागणारच!

आता ब्रँडचं. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे कॅनन. नुसत्या लोगोसाठी थांबणं मला पटत नाही, पण लेन्सची देवाणघेवाण हे थांबण्याचं खरंखुरं कारण आहे. १९८७ पासूनच्या कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या नव्या आरएफ (मिररलेस) बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. कुणाची ५०० मिमी मागून पक्षी टिपणाऱ्याने त्याच घरात राहावं, मी स्वतः तोच सल्ला देईन. मला वर्षभरात एकच लेन्स लागते, ती माझी स्वतःची असते.

चापडा या विषारी सापाच्या फोटोंसाठी अंतर कमी पडेल ही शंका होती. ६० मिमी इथे फुल फ्रेमवरच्या १२० सारखी दिसते, त्यामुळे तेवढ्याच फ्रेमसाठी उलट थोडं मागेच राहता आलं.

राहिला जुना फ्लॅश. दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर त्याचं टीटीएल (फ्लॅशचा जोर आपोआप ठरणं) चालणार नाही, पण मधल्या पिनवर मॅन्युअलमध्ये तो पेटतो, हे पाहून झालंय. डिफ्यूझर तेवढा ६० मिमीच्या लांबीप्रमाणे नव्याने कापायचाय. तो झाला की गणपतीआधी एक फेरी, आणि मग पैसे भरायचे.